भीमाबाईचा पॅटर्न

त्या टेबललॅम्पकडे पाहिलं की दिवाकर मेश्रामला किळस यायची.

रायपूर राजधानी झाली आणि तो नोकरीला होता त्या कारखान्याला हातपंपांची मोठी सरकारी ऑर्डर मिळाली. पंपाची डोकी ओतणाऱ्या फाउंड्री दोन. एक भिलाईकडची मोठी, दुसरी बीरगांवातली भीमाबाईची, एवढीशी. मोठीनं उशीर केला की भीमाबाई हातातलं काम बाजूला सारून दोन दिवसांत माल द्यायची. कारखाना कधी बंद पडला नाही तो तिच्या जिवावर. पण खरेदीचं पाहणाऱ्या दिवाकरशिवाय हे कोणाला ठाऊक?

शेठचा पोरगा पियुष शिकून आला. म्हणाला, "दिवाकर भैया, दो-दो सप्लायर किसलिए? फालतू खर्चा!" तिच्याकडचा कारखान्याचा सागवानी पॅटर्न, म्हणजे पंपाच्या डोक्याचा लाकडी नमुना, तो वाळूत दाबूनच ओतकाम व्हायचं, परत आणायला दिवाकरलाच धाडलं. त्यानं मुकाट्यानं आणला. भीमाबाईनं तर चहा पाजून फडक्यात बांधून दिला.

पियुषनं तो मधोमध कापला, पॉलिश मारलं, वायर घातली आणि शंकर नगरच्या नव्या ऑफिसात लॅम्प करून ठेवला. वर पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा, नालायक!

एप्रिलात मोठ्या फाउंड्रीची भट्टी फुटली. त्यांचा पॅटर्न त्यांच्याच मशीनवर चालणारा, भीमाबाईकडे निरुपयोगी. नवा करायचा तर महिना. पंधरा दिवसांत पंप गेले नाहीत तर ऑर्डर रद्द, आणि दुसऱ्या पाळीची चाळीस माणसं घरी.

"भीमाबाई को बोलो ना," पियुष म्हणाला, "वो तो एडजस्ट कर लेती है।"

"पैटर्न के बिना कैसे ढालेगी, भैया? उसी में आपका बल्ब जल रहा है।"

"तो गोंद से चिपका दो!" पियुष हसला. शी! थुंकावंसं वाटलं दिवाकरला.

लॅम्प उचलून तो बीरगांवला गेला. सगळं ऐकून भीमाबाईनं वायरच्या भोकात बोट घातलं.

"याच्यावर आता काही होत नाही, भाऊ."

"पोट्ट्यानं कापलं हो, बाई. मी नाही."

"कापलं त्यानं. नेलं कोनं?" ती शांतपणे म्हणाली. "तेव्हा त्याले एक शब्द काहून नाही बोलले?"

दिवाकरनं लॅम्प उचलला. इतके दिवस पियुषची किळस येत होती, आज स्वतःची आली.

शनिवारी पियुषनं चाळीस नावांची यादी गेटवर वाचायला त्यालाच दिली. त्यानं तीही मुकाट्यानं वाचली.