चार रात्रींचा पत्ता

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर निळी पवनचक्की आहे, तिचं एक पातं घासून गेलंय. मित्रांनो, माझ्यात पूर्वी लोण्याची बिस्किटं होती. एका नाताळात ती संपली आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अर्लिसने मला धुऊन आयकराच्या कागदांसाठी ठेवलं.

एकतीस वर्षं मी तिच्या फ्रिजवर बसलो. तिचा नवरा डेल्मर पेट्रोलच्या पावत्याही माझ्यात कोंबायचा. "डेल्मर, हा डबा आहे, तुझा खिसा नाही!" ती ओरडायची. हवा तो कागद सापडला की झाकणावर टिचकी मारून मला म्हणायची, "शहाणा आहेस."

मागच्या जूनमध्ये दोघं शेजारच्या मिनेसोटा राज्यात, लेकीच्या गावी राहायला गेले. ट्रकमध्ये मी अर्लिसच्या मांडीवर होतो. नव्या घरात ती चार रात्री झोपली. पाचव्या दिवशी दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. आलेला कागद डेल्मर माझ्या झाकणावर ठेवायचा. तो जेवायचा, ताटली धुवायचा, बसून राहायचा.

एप्रिलमध्ये लेक जनेल आम्हाला वाचनालयात घेऊन गेली. तिथे लोर्नाबाई म्हाताऱ्यांचे कराचे अर्ज फुकट भरून देतात.

"वर्षाच्या मध्येच राज्य बदललंत? म्हणजे दोन राज्यांचे दोन अर्ज. आज माझं जेवण बुडवणार तुम्ही!" त्या म्हणाल्या. "इथे कधीपासून राहता?"

"सात जून."

"आणि अर्लिस?" कागदावरचं नाव वाचून त्यांनी विचारलं.

जनेल हळूच म्हणाली, "बाबा, आईला आयोवातच दाखवू. चारच तर दिवस होती. सोपं पडेल."

"दाखव," डेल्मर म्हणाला.

मला वाईट वाटलं. तारीख लिहिली नाही, तर अर्लिस त्या घरात कधी राहिलीच नाही असं होणार होतं.

"सोपं काय ते नाही विचारत मी," लोर्नाबाई म्हणाल्या. "त्या कायमच्या राहायला आल्या होत्या, की लेकीकडे पाहुण्या म्हणून? काही कागद आहे?"

त्यांनी मला टेबलावर पालथं केलं. पेट्रोलच्या पावत्यांखालून रोपवाटिकेची पावती निघाली. आठ जून. ॲस्परॅगसची पंचवीस मुळं. मागे अर्लिसचं अक्षर: 'दक्षिणेच्या कुंपणाला. डेल्मरने खणलं, कुरकुरत.'

"ही भाजी तिसऱ्या वर्षी खुडतात ना?" लोर्नाबाईंनी विचारलं.

"हो. मी म्हटलं, टोमॅटो लाव, याच उन्हाळ्यात खाऊ. तर म्हणाली, तुला कुठं जायची घाई आहे?"

लोर्नाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग त्या पाहुण्या नव्हत्या. सात जून. दोघांची."

अर्लिस आता नाही, म्हणून तिच्या सहीच्या जागी काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. डेल्मरने तसं लिहिलं. तो रडला नाही. पावती घडी घालून त्याने परत माझ्यात ठेवली आणि झाकण नीट दाबून लावलं.

मे महिन्यात फ्रिजवरून मला खिडकीबाहेरचं कुंपण दिसलं. बोटाएवढे कोंभ वर आले होते. जनेल वाकली.

"हात लावू नकोस," डेल्मर म्हणाला. "अजून एक वर्ष आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा डबा असेल. तो रिकामा करण्याआधी प्रत्येक चिठोरं उलटून बघा. मागे कुणीतरी काही लिहून ठेवलेलं असतं.