जपून ठेवलेला दात

"अहो सोजराबाई, रतनला हाक मारा की! दात बघायला आलोय," अंगणात पिशवी टेकवत मी म्हणालो. भोरहून निम्मी वाट एस.टी.नं, पुढं हिर्डोशीपर्यंत पायी. घामानं निथळत होतो, पण स्वारी खुशीत होती. का नसणार? जन्मभर दवाखान्यात बाटल्या हलवणारा मी कंपाउंडर, आणि पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं, 'शाबास आनंदराव!'

वैशाखात ते डॉक्टर आमच्याकडं आले होते. त्यांनी मला शिकवलं, पोरांचा किडलेला दुधाचा दात उपटायचा नाही, आतली सडकी नस काढून औषध भरायचं. औषधं दोन. एक लवंगेच्या तेलातलं, दुसरं नवं, नाकात झिणझिण्या आणणारं. बारा पोरांना हे, बारांना ते. कुठलं टिकतं ते सहा महिन्यांनी बघायचं. लवंगवाल्यांतली पाच पोरं ठणका लागून परत आली. नव्यातलं एकही आलं नाही. मी बेधडक कळवलं, 'तक्रार नाही, बाराही दात उत्तम.'

रतन नव्या औषधातली. सात वर्षांची. दात भरताना माझ्या बोटाला कडकडून चावली आणि मग स्वतःच घाबरून रडली.

सोजराबाई नाचणी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"रतन न्हाई, सायेब. भादव्यात वारली."

"कशानं?" मी विचारलं.

"गाल सुजला, मग गळा," त्या सांगू लागल्या. "शेजारच्या भामाबाई म्हनल्या, दात उपटू, घान वाहून जाईल. म्या न्हाई उपटू दिला. वैदू आला, त्यालाबी दारातनं परत लावला. तुमी बजावलं व्हतं न्हवं, मी येईस्तवर कुनाला हात लावू द्यायचा न्हाई? पाचव्या दिशी तिला श्वासच घेता येईना."

"अहो, मग भोरला आणायचं होतं की!" मी ओरडलोच. कुणावर ओरडत होतो मी?

"तुमी सोता येनार म्हनला व्हता. वाट बघितली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सुजलं तर धावत या, एवढं एक वाक्य! चोवीस आयांना दात राखायला सांगितलं आणि हेच सांगायचं राहिलं माझं. डोंगरातलं माणूस आलं नाही म्हणजे बरं आहे, असं समजणारा मी गाढव. अजून अकरा घरं बघायची होती.

सोजराबाई आत जाऊन चिंधीची पुरचुंडी घेऊन आल्या.

"ती जायच्या आदल्या दिशी आपसूक पडला. आमच्यात पडलेला दात शेनाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकत्यात, नवा लवकर यावा म्हून. पर तुमी म्हनला व्हता, पडला तर जपून ठेवा, मला बघायचाय."

मी गाठ सोडली. एवढासा दात, धुऊन पुसून ठेवलेला. मी भरलेलं औषध त्यात अजून घट्ट बसलं होतं, कडेचा कणही निघाला नव्हता. डॉक्टरांना हेच तर बघायचं होतं.

"चांगला ऱ्हायलाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "लई जपलाय म्या."

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.