डावा वेगळा, उजवा वेगळा

आमच्या दुकानात बुटाचा नंबर कधी कुणाला विचारला नाही. सात नंबर, आठ नंबर ही मोठ्या दुकानांची भाषा. आमच्याकडे येणाऱ्याचा एक पाय सातचा असतो, दुसरा साडेपाचचा. कुणाची टाच वळलेली, कुणाचा चवडा सुजलेला, कुणाचा पाय लहानपणीच्या आजारानं आखडलेला. सासरे चाळीस वर्षं अशा पायांचे बूट करतायत. ते आधी गिऱ्हाइकाच्या पायासारखा लाकडाचा पाय कोरतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि त्यावर चढवायचं चामडं मी शिवते. सोळा वर्षं शिवतेय. मला दुसरं काही येत नाही, आणि आलं असतं तरी मी हेच केलं असतं.

जागेच्या मालकानं दुकान रिकामं करायला लावलं, तेव्हा आम्ही सगळा पसारा घरी आणला. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचं नाव नको. पाय दुखणाऱ्यांचं दुकान, ते तिसऱ्या मजल्यावर. एवढी अक्कल आमच्याचकडे. पहिल्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक जिन्यापर्यंत आले, वर बघितलं, हात हलवला आणि परत गेले. बाबा गॅलरीतून बघत होते. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "महिनाभर बघतो. तेवढ्यात एक तरी नवा माणूस आला तर ठीक. नाहीतर फर्मे लाकूडवाल्याला देऊन टाकू. मी थोरल्याकडे जाऊन राहीन."

थोरला म्हणजे माझा दीर. त्याच्याकडे बाबांना तिसऱ्या दिवशी करमेनासं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जुनी गिऱ्हाईकं वर्षाकाठी एक जोड करतात, तेवढ्यावर घर चालत नाही हेही माहीत आहे. मी पलंगाखाली बघितलं. पोत्यांतून तीनशे लाकडी पाय भरून ठेवले होते. बाबा गेले की माझी शिवणही गेली, कारण नुसतं चामडं शिवून बूट होत नाही. मला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते.

"वेबसाइट करू," नवरा म्हणाला.

"मग करा की. वाट कसली बघताय?"

पण आमचे हे एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहेत. तीन दरपत्रकं आल्याशिवाय हा माणूस टाचणी विकत घेत नाही. घरबसल्या वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत म्हणे. ह्यांनी त्यातल्या तीन निवडल्या, कागदावर तक्ता आखला, त्याला सतरा रकाने पाडले. नमनालाच घडाभर तेल. महिन्यातले नऊ दिवस त्या तक्त्यात गेले.

पहिली कंपनी दिसायला देखणी होती. पान उघडलं की गुळगुळीत पायांची एक बाई समुद्रावर चालताना दिसायची. "ही बाई काढून टाका," मी म्हटलं. "हिला बघून आपलं गिऱ्हाईक पाय पोटाशी घेईल." बाई काढता आली, पण खरं घोडं पुढे अडलं. बूट विकायचे तर ते पान जोडीला एकच माप विचारायचं. डाव्याचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं घालायची सोयच नव्हती. तिथल्या मदत करणाऱ्या माणसाला ह्यांनी लिहून विचारलं, तर उत्तर आलं की दोन्ही पायांच्या मापाची सरासरी काढून टाकावी. बाबांना ते वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसत होते, आणि महिन्यात त्यांचं हसू मी तेवढंच ऐकलं.

दुसरी कंपनी फुकट होती. आमच्या पानाच्या खाली ती स्वतःहून जाहिराती लावायची. आमच्या नावाखाली कसल्या जाहिराती लागल्या? उंच टाचांच्या सँडलच्या. मी लॅपटॉप मिटला आणि भाजी चिरायला गेले.

तिसरी अगदीच रुक्ष. रंग राखाडी, अक्षरं जाड, सरकारी अर्जासारखी. पण तिथे विकायच्या वस्तू हव्या तशा मांडता येत होत्या. मी ह्यांना म्हटलं, "डावा बूट ही एक वस्तू करा. उजवा बूट ही दुसरी. प्रत्येकाची लांबी वेगळी, रुंदी वेगळी, चवड्याचा घेर वेगळा. ज्याला जोड हवा तो दोन्ही घेईल."

"अगं, एक एक बूट कोण विकतं? लोक हसतील."

"हसू देत. सरासरी काढण्यापेक्षा बरं."

दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून तीच ठरली. मी फर्म्यांचे, शिवणीचे, बाबांच्या हातांचे फोटो काढले. खाली लिहिलं, की कागदावर सरळ उभं राहा, घरातल्या कुणाकडून पायाभोवती पेन्सिल फिरवून घ्या, आणि तो कागद टपालानं पाठवा. बाबांना हे मुळीच पटलं नव्हतं. "पाय हातात घेतल्याशिवाय बूट होत नसतो," असं ते दोन-तीनदा म्हणाले, पण भिंतीशी बोलल्यासारखं.

मग काहीच झालं नाही. किती जणांनी पान बघितलं ते कळतं, म्हणून हे रोज सकाळी आकडा वाचून दाखवायचे. अकरा, सोळा, नऊ. घेतलं कुणीच नाही. चौथ्या आठवड्यात बाबांनी हत्यारांना तेल लावून ती कापडात गुंडाळायला घेतली. आरी, रांपी, कानस, एकेक करत. मी शेजारी बसून जुनी शिवण उसवत होते, कारण रिकामे हात मला बघवत नाहीत.

"तुझ्या त्या डाव्या-उजव्यामुळे लोक बिचकतात," नवरा म्हणाला. "रविवारी मी सगळं पहिल्या कंपनीत हलवतो. जोड म्हणजे जोड. माप काय ते फोनवर विचारू."

रविवारीच बाबांचा महिना संपत होता. मी हो म्हटलं. भांडायचं बळ नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मोबाइल वाजला. ऑर्डर होती. मी उडी मारून उठले आणि वाचलं तर, बूट, डावा, नग एक. उजवा नाहीच. म्हणजे ह्यांचंच खरं ठरलं होतं. महिनाभरात एक माणूस आला, तोही माझ्या हुशारीत अडकून अर्धं मागवून बसला. माझं डोकं असं फिरलं की मी तिथल्या तिथे नंबर लावला.

पलीकडे बाईंचा आवाज होता. शाळेत चित्रकला शिकवते, म्हणाल्या.

"बाई, तुम्ही एकच बूट टाकलाय," मी म्हटलं. "उजवा राहिला. खाली लिहिलंय तसं दोन्ही वेगवेगळे घ्यायचे असतात. नीट वाचलं नाही की असं होतं."

"राहिला नाही," त्या म्हणाल्या. "मला उजवा पाय नाही."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"चौदा वर्षं झाली. नकली पाय मला सोसला नाही, कुबड्या घेते. प्रत्येक वेळी जोड घ्यावा लागतो. आधी उजवे सांभाळून ठेवायचे, वाटायचं कुणाला तरी होतील. मग फेकायला लागले. दुकानात एकच मागितला की माणसं आधी हसतात, मग खाली बघतात. तुमच्याकडे 'डावा, एक' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मी ते तीनदा वाचलं. एकच मिळेल ना? का काही चूक आहे?"

मला माझी लाज वाटली. सोळा वर्षं मी वेड्यावाकड्या पायांसाठी शिवतेय आणि नसलेल्या पायाचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. "चूक नाही," मी म्हटलं. "एकच मिळतो." पुढचं विचारणं माझं काम नव्हतं, म्हणून मी फोन बाबांच्या हातात दिला आणि त्यांना दोन वाक्यांत सांगितलं.

बाबांनी फोन कानाला लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सगळा भार एकाच पायावर येतो. टाच बाहेरच्या अंगानं झिजते ना?" ते म्हणाले. मग ऐकत राहिले. "आणि संध्याकाळी चवडा सुजतो. बरं. नाही, कागद पाठवू नका. मी येतो. पाय हातात घेऊन बघावा लागेल. तुम्ही कितव्या मजल्यावर?" पुन्हा ऐकलं. "तळमजला, छान. उद्या दहाला येतो."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा बाबा कापड सोडून हत्यारं परत मांडत होते. मी सगळं सांगितलं. हे आनंदले, पण खरेदी खात्यातला माणूस, थट्टा केल्याशिवाय राहवेना.

"बाबा, तुमचा करार एका माणसाचा होता," हे म्हणाले. "एक बूट म्हणजे अर्धंच गिऱ्हाईक झालं."

बाबांनी मान वर केली. ते हसले नाहीत.

"अर्धं कसं? बाई अख्ख्या आहेत," ते म्हणाले, आणि सकाळी त्यांचा पाय आखायला कागद काढून द्यायला मला सांगितलं.