मागे न फिरलेली दमणी

मी एक जुनी दमणी आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हणवून घेताना मला तिळमात्र लाज वाटत नाही. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी, डोक्यावर टप असलेली. पोती, कडबा, शेणखत वाहणाऱ्या बंड्या वेगळ्या. त्यांचं काम मोठं आहे, नाही कुठे म्हणते मी? पण मी बंडी नव्हे. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण याच एका गोष्टीवरून माझ्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म अचलपूरचा. अंगाला मेळघाटातलं सागवान, चाकांना बाभूळ, आणि हात गोवर्धन सुताराचे. तो भारी तोंडाळ माणूस. चाकाचा आरा जरा वाकडा बसला की स्वतःलाच शिव्या घालायचा. बुरुडाने टप विणला, त्याला आतून लाल खारव्याच्या जाड कापडाचं अस्तर लागलं. तिथल्याच दुर्गाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं, तेव्हा ते जावयाला, वलगावच्या जानराव पाटलांना म्हणाले, “पोरगी तुमची झाली, पन दमणी तिचीच हाय. माहेरची आठवन आली का तिनं कोनाले इचारू नये.” जानरावांनी मान हलवली. लग्नाच्या दिवशी जावई कशालाही मान हलवतो.

पहिली वर्षं सुखाची गेली. दिवाळी आली की नत्थुजी माझे बैल जुंपायचा आणि दुर्गाबाई माहेरी निघायची. नत्थुजी हा आमचा धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा. निघताना सासू तिची ओटी भरायची. आमच्याकडे ओटी भरलेल्या बाईची गाडी वाटेतून मागे फिरवत नाहीत. नदीला पूर असो की चाक मोडो, थांबतील, वाट पाहतील, पण पोचवतील. तिकडे अचलपूरच्या दारात तिची आई आधी माझ्या चाकांवर पाणी घालायची आणि मग लेकीच्या पायांवर. हा मान कोणत्या बंडीला मिळाला आहे, सांगा बरं.

मग दूर अमेरिकेत लढाई जुंपली. तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. सारा वऱ्हाड कापसाने वेडा झाला. रस्त्याने बंड्याच बंड्या, घरात कापूस, अंगणात कापूस, जेवणाच्या ताटात कापूस. दुर्गाबाईच्या माहेराला मात्र कुणाला सवड उरली नाही. मी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. मला त्या कोंबड्यांचा राग आला नाही, जानरावांचा आला.

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या बंगलीत एक कापूस घेणारा साहेब राहायला आला आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, मार्था. साहेब दिवसभर कापसाच्या बोज्यांमागे. मार्था एकटी. विहिरीवर तिची दुर्गाबाईशी ओळख झाली आणि मराठी ती तिच्याकडूनच शिकली. त्यामुळे गोरी बाई तोंड उघडायची ते थेट वऱ्हाडीत. गावात कुजबुज झाली, शिवाशिवीवरून सासूने तोंड वाजवलं. दुर्गाबाई म्हणाली, “आंघोयच करा लागते ना? मी तं रोजच करतो.”

एके दिवशी मार्था माझ्या धुरेवर टेकून बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते. तिच्या देशात नवं वर्ष लागलं की ती आणि तिची बहीण मिळून समुद्रकाठच्या जत्रेला जात. इथे साहेबाने चिखलदरा दाखवायचं कबूल केलं होतं. आता तो म्हणत होता, कापूस संपू दे.

“कापूस कई संपत नसते,” दुर्गाबाई म्हणाली. “चाल माह्यासंगं. बहिरमची जत्रा भरली हाय. येता येता माह्या माहेरी जाऊ.”

नेमकं त्याच संध्याकाळी जानरावांनी घरात सांगितलं, की सोमवारी सुतार येणार आहे. दमणीचा टप काढायचा, कडेला उंच कठडे लावायचे आणि कापसाला एक बंडी वाढवायची. माझ्या अंगातलं सागवान थरथरलं, मित्रांनो.

दुर्गाबाईचा आवाज मात्र थरथरला नाही. “दमणी माही हाय. माह्या बापानं देल्ली. मी उद्या बहिरमले चालली, मार्थाले घेऊन.”

जानराव हसले. “या दिवसांत? वाटनं बंड्यांची रांग लागली हाय. पूर्णेच्या अलीकडूनच परत येशीन.”

“आन नाई आली तं?”

“बहिरमले जाऊन आली, तं टपाले हात नाई लावत. मधूनच फिरली, तं सुतार काय करीन ते मुकाट्यानं पाह्यजो.”

पैज लागली आणि माझं डोकं पणाला लागलं. सकाळी नत्थुजीने माझ्या आखाला वंगण घातलं, बैल जुंपले. मार्था राखाडी शाल पांघरून आली. दुर्गाबाईने तिला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या शालीच्या पदरात गहू, हळकुंड, खण आणि नारळ घातला. दारात जमलेल्या बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. “अवो, गोरीची कायची ओटी?”

“तिची माय इथं नाई,” दुर्गाबाई म्हणाली. “मंग कोन भरीन?”

आम्ही निघालो. किती दिवसांनी माझी चाकं मोकळी फिरत होती! दोघी बाया आत खिदळत होत्या आणि नत्थुजी उगाचच बैलांना रागावत होता.

पूर्णेच्या काठी मात्र जानरावांचं बोलणं खरं होऊ पाहत होतं. तिथे दोन्ही बाजूंना काळ्या मातीच्या उंच दरडी आणि मधून नदीत उतरणारी एकच गाडीवाट. त्या वाटेच्या तोंडाशीच पलीकडून चढून आलेल्या एका बंडीचा आख मोडून पडला होता. कापसाचे बोजे रस्त्यात, मागे नदीच्या पात्रात थांबलेल्या बंड्या, आणि मध्ये हातवारे करत उभा चंद्रभान दलाल. साहेबासाठी गावोगाव कापूस गोळा करणारा हा माणूस. मला पाहताच त्याचे डोळे चमकले.

“बरी आली ही दमणी! नत्थुजी, टप सोड. हे बोजे टाक यात आन फिरव मांगं. बाया बसतीन झाडाखाली.”

“बहिरमले चाललो आमी,” दुर्गाबाईने आतून सांगितलं.

“जत्रा कुठी पयून जाते काय? हा साहेबाचाच कापूस हाय,” असं म्हणत त्याने सरळ माझ्या टपाच्या दोरीला हात घातला. एक गाठ सुटली. मी जुंपलेली होते, मुकी होते, पण त्या वेळी मला बैलासारखी शिंगं असती तर मी ती वापरली असती.

“उतरा, मॅडम,” चंद्रभान मार्थाला अदबीने म्हणाला.

“मी नाई उतरत,” मार्था म्हणाली. “काहून उतरू?”

गोऱ्या तोंडातून हे शब्द ऐकून थांबलेले धुरकरी गोळा झाले. चंद्रभान चिडला. दुसरी गाठ सोडू लागला. तेव्हा एक म्हातारा धुरकरी पुढे आला आणि टपाखाली वाकून पाहू लागला. मार्थाच्या मांडीवर शालीची घट्ट पुरचुंडी होती आणि तिच्या फटीतून गव्हाचे दाणे सांडत होते.

“थांब रे,” तो म्हणाला. “ओटी भरेल हाय. ही गाडी मांगं फिरवता येत नाई.”

“अरे, ते गोरी बाई हाय! तिले कायची ओटी?”

मार्था उठून उभी राहिली. टपामुळे तिला वाकावं लागलं, पण आवाज वाकला नाही. तिने शाल उघडून नारळ, खण, हळकुंड सगळ्यांना दाखवलं. “दुर्गानं भरली. इथं दुर्गाच माही माय हाय. मी पोचल्याबिगर मांगं नाई येत.”

म्हाताऱ्याने डोक्याचं पागोटं कमरेला बांधलं. “चला रे, लावा खांदे. आपल्याई घरी लेकी हायेत.”

चंद्रभान ओरडत राहिला, भाडं देणार नाही म्हणाला, साहेबाला सांगेन म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्यांनी बोजे बाजूला लोटले, मोडकी बंडी खांद्यांनी उचलून दरडीला लावली, आणि उतारावर मी घसरू नये म्हणून माझी चाकं दोन्हीकडून धरली. म्हाताऱ्याने सुटलेली गाठ स्वतः बांधून दिली. कापसाच्या राज्यात त्या दिवशी कापूस बाजूला झाला आणि मी नदीत उतरले. माझी मान ताठ होती, मित्रांनो. आजही आहे.

बहिरमला दोघींनी देवाला लोणी-शेंदूर वाहिला आणि उरलेला माझ्या धुरेला माखला. मार्थाने हिरव्या बांगड्या भरल्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातला रोडगा घाईने उचलून बोटं भाजून घेतली, वांग्याच्या भाजीने नाक-डोळे गाळले, आणि मग बहिणीच्या आठवणीने खरोखरच रडली. दुर्गाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. परतताना अचलपूरच्या दारात आईने माझ्या चाकांवर पाणी घातलं, लेकीच्या पायांवर घातलं. मार्थाजवळ ती क्षणभर घुटमळली. मग तिने तांब्या तिच्याही पायांवर रिता केला.

वलगावला ओट्यावर सुतार करवत घेऊन बसलाच होता. जानरावांनी माझ्या धुरेवरचा शेंदूर पाहिला, चंद्रभानचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर आधीच आलं होतं. त्यांनी एकदा मिशी ओढली. मग सुताराला म्हणाले, “जाय बाबा घरी. टप राहीन.” शब्दाचा माणूस होता, एवढं मला कबूल केलं पाहिजे. साहेबही मार्थावर खूप रागावला. तिने त्याला वऱ्हाडीत काय उत्तर दिलं ते त्याला समजलं नाही. नत्थुजीला समजलं, आणि तो कित्येक दिवस एकटाच हसत होता.

पुढे ती लढाई संपली. कापूस कोसळला आणि मिरवणाऱ्या बंड्या दारोदार रिकाम्या उभ्या राहिल्या. साहेबाने गाशा गुंडाळला. तोवर बडनेऱ्याला आगगाडी आली होती. तिथवर मार्थाला मीच पोचवलं. फलाटाबाहेर, माझ्याच सावलीत, दुर्गाबाईने तिची पुन्हा ओटी भरली. गाडीची शिट्टी झाली तशी मार्थाने माझ्या टपाची कड घट्ट धरली. “दुर्गा, मी नाई जात.”

दुर्गाबाईने तिची बोटं एकेक करून सोडवली. “ओटी भरली तुही. आता मांगं नाई फिराचं. पोच.” मार्थाने अंगावरची राखाडी शाल काढून तिच्या हातात दिली आणि ती गेली. परत आली नाही. येताना दुर्गाबाई सारी वाट रडली, आणि नत्थुजीने बैलांना एकदाही हाक मारली नाही.

एका उन्हाळ्यात टपाचं अस्तर फाटलं, तेव्हा दुर्गाबाईने त्या शालीचं ठिगळ लावलं. ते अजून आहे. दुर्गाबाई नाही, नत्थुजी नाही. माझं एक चाक मोडलं आहे आणि घरातले लोक म्हणतात, या जुन्या लाकडाचं सरपण होईल.

मित्रांनो, मला दया नको. आखाला वंगण घाला, मोडक्या आऱ्याच्या जागी बाभळीचा नवा बसवा आणि वाळवी लागू देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे. तरीही मोडायचंच ठरलं, तर कुऱ्हाड उचलण्याआधी घरातल्या लेकीला विचारा, तिला कुठे जायचं आहे का. ती हो म्हणाली, तर तिची ओटी भरा आणि बैल आणा. मी टपासकट उभी आहे.