दहिवरातली घोडी

लष्करातून परतल्यापासून भाऊसोच्या अंगावरचा खाकी कोट काही उतरला नव्हता. मी घोडदळात होतो, असं तो गावभर सांगायचा. खरं म्हणजे मेरठच्या तबेल्यात तो घोड्यांच्या चंदीचा दाणा जोखून द्यायचा. जात्यावर बसल्या बसल्या त्याच्या बायकोनंच ते चुलतसासूला, म्हणजे चंद्राबाईला, सांगून टाकलं होतं.

चंद्राबाईचं माहेर कवठे महांकाळकडचं, बाप घोड्यांतला जाणता. नवरा आकाराम वारला, पाठीमागं मूलबाळ नाही. उरली होती काजळी घोडी. लग्नसराईत थेट सांगलीपर्यंतचे नवरदेव पाठीवर मिरवून ती चंद्राबाईला वर्षभर पोसायची. तिचा एक पाय मोडला तर चंद्राबाईनं खायचं काय, हा विचार गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नव्हता. चंपाषष्ठीला घोडी मागायला मात्र सगळे हजर.

रीत अशी होती, की खंडोबाचा भंडारा घोड्यावरून न्यायचा आणि चावडीपासून ओढ्याकाठच्या देवळापर्यंत मानकऱ्यानं जमिनीला पाय लावायचा नाही. त्र्याहत्तर साली मान भाऊसोकडं आला. आदल्या दुष्काळी साली वाटेवरचा खडक कोरडा ठणठणीत होता. यंदा पाऊस झाला होता, खडकावर शेवाळ धरलं होतं आणि पहाटे वरून दहिवर पडलं होतं.

चावडीपुढं चंद्राबाई लगामाचं गार लोखंड दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत उभी होती.

"काकी, लगाम शेकताय व्हय?" भाऊसो चारचौघांत म्हणाला. "रिसाल्यात असलं लाड नव्हतं."

"तुझ्या रिसाल्यात तराजू व्हता. त्याला थंडी वाजत नसंल."

माणसं हसली. भाऊसोचे कान लाल झाले. तो घोडीवर चढला आणि बसल्या जागीच त्यानं टाच हाणली.

"आधी चालीनं ने. अंग गरम झाल्याबिगर पळवू नगंस," असं म्हणत चंद्राबाई बाजूनं झपाझप निघाली. ऐकतो कोण? घोडी आखडल्या पायांनी दुडकत राहिली.

खडकाचा उतार आला तशी काजळी आपणहून थांबली, मान खाली घालून दगड हुंगू लागली. वर बसलेल्यापेक्षा तिला अक्कल जास्त होती.

"उतर रं. हितनं हातात धरून न्यायची," चंद्राबाई म्हणाली.

"मानकरी उतरत न्हाई, काकी."

मागून म्हातारे नाथाजी काठी टेकत आले. "आवं चंद्राबाई, पिढ्यानपिढ्या कुनी उतरल्यालं न्हाई."

"त्या पिढ्यांनी किती घोडी मोडली, ते बी सांगा की."

भाऊसोनं पुन्हा टाच मारली. नाल दगडावर करकरला, काजळीचे मागचे पाय घसरून तिचं बूड जवळजवळ टेकलं. आणि हा घोडदळाचा वीर लगाम सोडून, दोन्ही हातांनी मानेला मिठी मारून, "आई गं" म्हणून ओरडला.

चंद्राबाईनं लगाम धरला. घोडी थरथरत सावरली. तिच्या पोटाखालच्या पट्ट्याला हात घालून चंद्राबाई म्हणाली, "मान तुझा, घोडी माझी. उतरतूस, का खोगीर सोडू?"

भाऊसोनं माणसांकडं पाहिलं. माणसं घोडीच्या पायांकडं बघत होती. मग तो पोटावरून पोत्यासारखा खाली घसरला. लष्करी बुटांना खिळे. पहिल्याच पावलाला तो बसला आणि बसल्या बसल्या उताराच्या तळापर्यंत गेला. भंडाऱ्याची पिशवी फुटून खाकी कोट पिवळा झाला.

चंद्राबाई अनवाणी, एकेक पाऊल चाचपत घोडीला घेऊन उतरली. दोघींना काही घाई नव्हती.

देवळापुढं नाथाजींनी मान हलवली. "मान मोडला म्हनायचा."

"कशानं?" गुरव केरबा भाऊसोला खालीवर न्याहाळत म्हणाला. "भंडारा आलाय की. झटकून घेतो."

त्यांचा वाद चालू राहिला. चंद्राबाई तिथं थांबली नाही. खाली बसून तिनं काजळीच्या चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवला. सूज नाही, जखम नाही. तिनं आपली घोंगडी घोडीच्या वाफाळत्या पाठीवर टाकली.

"पुढच्या साली घोडी देनार न्हवं?" नाथाजींनी लांबूनच विचारलं.

"दीन की. वर कोन बसायचं ते मी सांगनार."

नाथाजींनी केरबाकडं पाहिलं, केरबानं देवाकडं. चंद्राबाई घाम सुकेपर्यंत घोडीला देवळाभोवती सावकाश फिरवत राहिली.