हेलिकॉप्टरमधली हिरवी ओढणी

माझ्या मेंदीच्या ओढणीचा कोपरा कुणीतरी कात्रीने कापला होता. उंदराने कुरतडला असता तर मी उंदराला माफ केलं असतं, पण उंदीर चौकोन कापत नाही. इतक्या सरळ कडा ठेवून कापणारा माणूस आमच्या घरात एकच आहे, माझा नवरा अजहर.

नांदेडला वजिराबादेत आमचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे पाट्या आणि कंपास मिळायचे. पुढे गल्लोगल्ली क्लासेस निघाले, पोरांच्या वह्यांनी दुकान चालायला लागलं, तशी अजहरनी मागच्या भिंतीला काचेचं कपाट केलं आणि त्यात विमानांचे किट मांडले. ही खेळणी नव्हेत, हे मला लग्नानंतर बऱ्याचदा बजावून झालंय. खऱ्या विमानाच्या मापावरून लहान केलेले प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. मुंबईहून नवीन माल आला की ह्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. पितळी पत्र्यातून कापलेले सीटचे पट्टे, बोटाएवढी माणसं, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, रंगाचा बारीक फवारा मारायचं यंत्र, सगळं टेबलावर मांडून बसतात. नखाएवढ्या सीटला पट्टा लावताना हा माणूस श्वास रोखून धरतो. मी ईदचा नवा सलवार-कमीजचा जोडा घालून समोर उभी राहिले तर "बरंय" म्हणतो आणि पुन्हा चिमटा उचलतो.

विमानांवर मी जळायचे, हे कबूल. पण विमानाशी भांडता येत नाही. अयोध्या मॅडमशी येत होतं.

ह्या मॅडम लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात. आमची जेबा डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तिथेच होस्टेलला राहते, मॅडमच्याच बॅचला आहे. दर रविवारी मी डबा भरायचा आणि ह्यांनी तो लातूरला पोचवायचा, असं ठरलेलं. आधी दिवेलागणीच्या आत परत यायचे. मग एकदा पालकांच्या मीटिंगमध्ये विमानांचा विषय निघाला म्हणे, आणि मॅडमनी लष्कराच्या मोठ्या हेलिकॉप्टरचा किट मागवला. तो आल्यापासून रविवारची शेवटची बस ठरलेली. "मॅडमना दरवाजे जमून नव्हते राहिले," हे सांगायचे. दरवाजे! लातुरात काय सुतार मेले होते?

मॅडम किल्लारीकडच्या. भूकंपात घरचं कुणी राहिलं नाही, मामाने वाढवलं, लग्न केलं नाही, हे जेबाने सांगितलं होतं. ऐकून मलाही वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि नवरा वाटून घेणं वेगळं. त्या ह्यांना 'अजहरभाई' म्हणतात, हेही जेबाने सांगितलं. भाई म्हटलं की झालं का?

तर ओढणी. हिरव्या रेशमाची, वाऱ्यासारखी पातळ. माझ्या आईने हैदराबादहून आणली होती. कापलेला कोपरा दिसला तेव्हा मी ती तशीच घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. हे टेबलावर वाकलेले होते आणि त्यांच्या चिमट्याच्या टोकाला हिरवा धागा अडकलेला होता. मी ओढणी पाठीमागे लपवली. आधी बघू तर, काय सांगतात ते.

"मॅडमच्या हेलिकॉप्टरात काय बसवून राहिले तुम्ही?" मी विचारलं.

"माणसं."

"कोण माणसं?"

"ते त्यांचं हाय, नाझनीन. बंद झालं की कुणाला दिसणार बी न्हाई."

"दिसणार न्हाई तर एवढं रंगवता कशापायी?"

"आपल्याला ठाऊक असते ना," हे म्हणाले आणि पुन्हा वाकले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. 'आपल्याला' म्हणजे कुणाला? ह्यांना आणि तिला! माझ्या मेंदीची ओढणी हा माणूस दुसऱ्या बाईच्या विमानात कोंबणार आणि ते फक्त त्या दोघांना ठाऊक असणार. तो तुकडा परत आणायचा, तोही तिच्या दारात उभं राहून, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. मॅडम तोंड लपवते का वर बघते, त्यावरून मला माझा नवरा उरलाय की नाही ते कळणार होतं.

पुढच्या रविवारी हे ती माणसं लातूरला देऊन आले. त्यानंतरच्या बुधवारी, हे बाजारात गेलेले बघून, मी बुरखा चढवला, पर्समध्ये ओढणी कोंबली आणि लातूरची बस पकडली. लोह्यापर्यंत काय बोलायचं ते पाठ केलं. अहमदपूर येईपर्यंत त्यात दोन शिव्या वाढल्या. लातुरात शिरलं तर जिकडेतिकडे क्लासेसच्या पाट्या आणि पाट्यांवर पास झालेल्या पोरांचे फोटो. कुणालाही विचारलं असतं तरी मॅडमचं घर सापडलं असतं, इतकं त्यांचं नाव. त्याचाही राग आला.

दार मॅडमनीच उघडलं. तिशी ओलांडलेली, बारीक, साधा सलवार-कुर्ता, बोटांना राखाडी रंग लागलेला. मी नटूनथटून बसलेली बाई मनात धरून आले होते. ही तर भांडायलाही पुरली नसती.

"मी अजहरची बायको," मी उंबऱ्यातूनच म्हटलं.

"भाभी! या ना. तुम्ही येणार म्हणून भाई बोलले न्हाईत."

"त्यांना ठाऊक न्हाई." मी पर्समधून ओढणी काढली आणि कापलेला कोपरा तिच्यापुढे धरला. "ह्याचा तुकडा तुमच्याकडं हाय. तो घ्यायला आले."

तिने ओढणीकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "हे तुमच्या लग्नातलं हाय का? अल्ला कसम, मला..." ती मध्येच थांबली. माझी भाषा बोलायला गेली आणि घाबरली. "देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. भाई म्हणले, घरी पडेल चिंधी हाय."

चिंधी! त्या एका शब्दासाठी मी ह्यांचं महिनाभर जेवण बंद करणार होते.

"या, दाखवते," ती म्हणाली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

टेबलावर हेलिकॉप्टर होतं, हातभर लांब, पण उभं चिरल्यासारखं दोन अर्ध्यांत ठेवलेलं. आत फळीएवढी जमीन, दोन्ही बाजूंना बाकडी, त्यांना ते पितळी पट्टे. मधोमध स्ट्रेचर. स्ट्रेचरवर एक पोरगी निजलेली, पायाला पांढरं बँडेज. आणि तिच्या उशाशी एक बाई बसलेली, माझ्या ओढणीचा पदर डोक्यावर घेतलेली. बाईचा हात पोरीच्या कपाळावर होता.

"ही मी," मॅडम पोरीकडे बोट करत म्हणाल्या. "सात वर्षांची होते. पाय मोडला होता. अशाच हेलिकॉप्टरात घातलं मला."

"आन् ही?"

"आई."

"त्या होत्या संगट?"

"न्हाई. आई घरातच राहिली, मातीखाली. मी एकलीच गेले. लई आवाज होता आत. सगळे अनोळखी." त्यांनी टेबलावरचं भिंग उचलून पुसलं. "तिचा एक फोटो बी उरला न्हाई, भाभी. चेहरा आठवत न्हाई मला. लुगडं हिरवं होतं, तेवढंच आठवते. मी भाईंना म्हणलं, कोणता बी चेहरा काढा, पण आईला बसवा. तर भाई म्हणले, मला बाईचा एकच चेहरा काढता येते."

मी वाकले. मॅडमनी भिंग माझ्या हातात दिलं.

डाळीच्या दाण्याएवढा चेहरा. गोल हनुवटी. नाकात चमकी, सुईच्या टोकाने टेकवलेली. आणि डाव्या भुवईत एक फट. लहानपणी हापशाचा दांडा लागला होता मला तिथे, भुवईचे केस परत आले नाहीत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ह्यांनी त्या खुणेचं कधी नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांना दिसलीच नसेल.

मला रडू आलं आणि त्याच दमात पुन्हा जळायलाही झालं. माझ्यासमोर 'बरंय' म्हणणारा माणूस, आणि ह्या बाहुलीला बघा काय बघून काढलंय! मी माझ्याच चेहऱ्यावर जळत होते.

"पदर काढून देते," मॅडमनी चिमटा उचलला. "दुसरं काही लावता येईल. कागदाचा बी करता येते."

"राहू द्या," मी म्हटलं. "उघड्या डोक्यानं कशाला बसवता त्यांना?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आज बंदच करणार होते. तुम्ही धरता का ह्या बाजूनं?"

मी धरलं. दोन्ही अर्धे जुळले तसं मॅडमनी फटीतून चिकटवायचं पातळ सोल्युशन फिरवलं. पोरगी गेली, पट्टे गेले, मी गेले. गोल खिडकीला डोळा लावला तर आत हिरवं काहीतरी दिसत होतं, बाकी अंधार. सुकेपर्यंत हात सोडायचा नव्हता. आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिलो. मॅडम रडत होत्या आणि मी त्यांच्या आईसारखी दिसणारी बाई, हेलिकॉप्टर दाबून धरत होते.

आणि तिथे, हात अडकलेले असताना, मला जेबा आठवली.

तिचं होस्टेल मागच्याच गल्लीत. नांदेडहून एवढी तरातरा आले, वाटेत ह्यांना शिव्या दिल्या, मॅडमना दिल्या, पण पोरीसाठी डबा आणायचं डोक्यात आलं नव्हतं. तिथे तिला सोडून आल्यापासून मी एकदाही गेले नव्हते. मी डबे भरत होते आणि अब्बा पोचवत होते. तिच्या कपाळावर हात ठेवायला कोण होतं?

प्लास्टिक घट्ट झालं तशी मी चहाला नको म्हणून निघाले. होस्टेलच्या फाटकाशी निरोप पाठवला. जेबा जिना उतरून आली, वाळलेली, डोळ्यांखाली काळं, हातात पेन तसाच. मला बघून पळत आली, आणि मग माझ्या हाताकडे बघून थबकली. माझ्या बोटांना मॅडमसारखाच राखाडी रंग लागला होता.

"पहिलं मॅडमकडं गेलीस, अम्मी?" ती म्हणाली. "मग माझ्याकडं?"

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. बसमध्ये लोह्यापासून हाच आवाज माझ्या डोक्यात बोलत होता. मी पर्समधून कोपरा कापलेली ओढणी काढली, तिच्या डोक्यावर घातली आणि रंगाचा हात तिच्या कपाळावर ठेवला. तो तिने झटकला. मी पुन्हा ठेवला.