खिशातले हात

त्या दिवशी सकाळी बाबांनी आपला तपकिरी एप्रन तिच्या पुढ्यात टाकला.

"खिसा उसवलाय. टाके घाल. म्होरक्याचे हात बाहेर पडायला नकोत."

"तुम्हाला सुई धरता येत नाही वाटतं?"

"येते की! पण या घरात म्होरक्या मी," म्हणत त्यांनी चहाचा मोठ्ठा भुरका मारला.

बाबा इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. दर गुरुवारी गटातल्या एकाला ते म्होरक्या करत. त्यानं तो एप्रन घालायचा, दोन्ही हात खिशात ठेवायचे. अवजाराला बोट लावायचं नाही. बघायचं, विचारायचं, दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवायचा. काम फसलं, तर मात्र सगळ्यांत आधी त्यानंच म्हणायचं, "जबाबदारी माझी." पाना फिरवणारे पैशाला पासरी मिळतात, बाबा म्हणत, न फिरवता उभं राहणारा शोधून दाखवा.

चहा संपता संपता त्यांनी तिची गोष्ट काढलीच. वीस वर्षांपूर्वी ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. तिच्या गटाचा लाकडी पूल वजनाखाली मोडला, तोही नेमका गटातल्या लंबूनं जोडलेल्या सांध्यात. आणि एप्रन घातलेली ती पुढे होऊन म्हणाली होती, "जबाबदारी माझी."

"पोरीनं दुसऱ्याचं पाप पदरात घेतलं," बाबा भिंतींनासुद्धा ऐकवत. ती नेहमीसारखीच कप विसळायला उठली.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

ती त्याच कॉलेजात वरच्या मजल्यावर गणित शिकवायची. बाबांचा गुरुवार आता तिच्याकडे आला. खिशाला टाके घालून ती वर्कशॉपमध्ये उतरली, तेव्हा उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता. खाली बसायची त्याला घाई नव्हती. कानशीचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. आता बाबा खाकरतील, असं तिला दोनदा वाटलं.

"या मॅडम," स्टोअरच्या खिडकीतून लंबू म्हणाला. शिक्षण संपल्यावर तो इथेच चिकटला होता. "पाने देतो, पण पुलाला मला हात लावायला सांगू नकोस हं. माझ्या हाताचा गुण सगळ्यांना ठाऊक आहे."

तो हसला. वीस वर्षं हाच विनोद.

आजची म्होरकी चष्मेवाली, बारकीशी मुलगी होती. तिचा मित्र गोगलगाईच्या गतीनं पुलाचा बोल्ट आवळत होता. चष्मेवालीचा हात खिशातून निघाला, पान्याकडे सरकला, हवेतच थबकला आणि परत खिशात गेला.

एवढंच. पण त्या थबकलेल्या हातापाशी सगळं ऊन गोळा झाल्यासारखं तिला दिसलं. वीस वर्षांपूर्वीची जेवणाची सुट्टी, रिकामं वर्कशॉप, तिच्या स्वतःच्या हातात पाना. लंबूवर काय भरवसा, अजून अर्धा फेरा देऊ. मग लाकडाच्या पोटातून आलेला बारीकसा चिर्र.

"लंबू, बाहेर ये."

तो हात पुसत आला. मुलं थांबली.

"तुझा सांधा चोख होता. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तो बोल्ट पिळला. लाकूड चिरलेलं मला ऐकू आलं होतं."

लंबू आपल्या तळहातांकडे बघत राहिला. तिनं नजर वळवली, बाबा उभे राहत त्या खिडकीकडे. तिथे नुसता भुसा तरंगत होता.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "ते पाप माझंच होतं."